अमायलेज आणि माझा रगडा

मी, एकोजी माधवराव, वय चौऱ्याहत्तर, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, धंदा इडलीचं पीठ विकणे, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. कान तर गरजेपेक्षा जास्त तिखट. घरात देवनागरी कोणाला वाचता येत नाही, म्हणून साक्षीदार कृष्णस्वामी मास्तरांनी हे मृत्युपत्र, माझ्या मरणाची वाट न पाहता, सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

१. दुकान व पीठ वाटायचे विजेचे दोन्ही रगडे मुलगा गिरीश यास. पिठात मीठ हातानेच कालवावे. पळीने कालवले की पीठ रुसते.

२. भाऊ चिदंबर याने ‘पीठवाला’ म्हणून मला घरच्या लग्नात मागच्या पंक्तीला बसवले. त्यास आयुष्यभर पीठ फुकट द्यावे. घासागणिक मी आठवेन.

३. राहते घर, स्वकष्टार्जित, गिरीशची लेक, माझी नात हरिता हिला. कारण सांगतो. तिला बेंगळूरूला एन्झाइमवर संशोधनाची जागा मिळाली आहे. दाराआडून ऐकले. गिरीश म्हणाला, “पीठ वाटणाऱ्यांच्या घरात एन्झाइम कशाला?”

ती म्हणाली, “अप्पा, या घरात दुसरं आहेच काय?”

एन्झाइम म्हणजे काय ते विचारायला सकाळी मी तिला गाठले. तिने अळणी भाताचा घास माझ्या तोंडात ठेवला. “गिळू नका, आजोबा. बोलूही नका.” मला दुसरे जास्त जड गेले. पण घास हळूहळू गोड झाला! लाळेतल्या ज्या द्रव्याने हे केले, त्याचे नाव अमायलेज. ग्रीक लोक गहू भिजवून, चुरून सत्त्व काढीत. जाते लागत नसे. म्हणून त्या सत्त्वाला म्हणत ‘अमिलॉन’, जात्यावर न दळलेले. त्यावरून हे नाव.

मी थक्क झालो, तो अजून आहे. पंचेचाळीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो, सारी करामत माझ्या दगडाची. आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोणी भिजल्या दाण्याकडे बघून नाव ठेवून गेले की दगडावाचूनही होते. झाकल्या भांड्याला कान लावला की पिठाची बारीक फुसफुस मला रोज ऐकू येई. आत कोण आहे, हे विचारायचे राहून गेले. हरिताने विचारले.

४. माझा पहिला हातरगडा तिचाच. तिच्याने उचलवणार नाही, अधूनमधून येऊन बघावा.

५. वाचन संपताच गिरीशने अळणी भाताचा एक घास तोंडात धरावा. गोड लागेपर्यंत बोलू नये. त्यानंतरही हरिताला ‘जाऊ नको’ म्हणवत असेल, तर म्हणावे.

सही : एकोजी माधवराव
साक्षीदार : कृष्णस्वामी मास्तर, विनुता (शेजारीण)
तंजावूर, १४ मार्च २०२५