जनीचं नाव कोण धरून बसलंय

बुधवार, संध्याकाळ. बोईसर, खोलीवर.

आईचं परत तेच. फोन उचलला की, "पुसलंस का ते नाव? मेलेल्या बायकोचं नाव हातावर घेऊन मांडवात उभा राहशील? नवी पोर येल का घरात?" आणि हीच आई म्हणायची, माणूस मेल्यावर गोंदणच तेवढं संगती येतं.

म्हणून आज कामावरून सुटून कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. कंपाउंडर हसला, "तुझी कुठं पळाली रे?" मेली म्हटल्यावर नंबराची चिठ्ठी पुढं सरकवली.

डॉक्टरीणबाई बोलल्या ते डोक्यातून जात नाय. शाई कातडीत नुसती पडून नसते. रोगाशी लढणाऱ्या बारीक पेशी तिला घाण समजून गिळतात. पचत नाय, म्हणून पोटात धरून बसतात. एक मेली की शाई सांडते, शेजारची लगेच गिळते. लेझर मारला की शाईचा चुरा होतो, त्यातला थोडा काखेतल्या गाठीत जाऊन बसतो.

म्हणजे जनी बाहेरून पुसली जाईल आणि आणखी आत जाईल? मघापासून काख चाचपतोय.

जत्रेत दोघांनी एकदम गोंदवलं होतं. माझं नाव तिच्यासंगती गेलं. तिचं नाव मात्र एक पेशी मरताना दुसरीच्या तोंडात देतेय, आणि मला पत्ता नाय. आत्ताही चाललं असेल, मी लिहितोय त्याच हातात.

नाय पुसणार. मुलीकडच्यांना आईनं खरं सांगावं, ऐकून आली तर येईल. लेझरसाठी ठेवलेले उद्या आईलाच पाठवतो, चार हजार.