लोधिवली माळावरच्या पवनचक्कीची शीळ

दि. २१ मे १९८४

प्रति,
मा. उपअभियंता,
पवनचक्की प्रायोगिक योजना, कर्जत

विषय : लोधिवली माळावरील पवनचक्की १ जून रोजी उतरवू नये याबाबत.
संदर्भ : आपले दि. ७ मे १९८४ चे पत्र.

महोदय,

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असून वरील चक्कीवर वाऱ्याच्या नोंदी ठेवण्याचे काम दीड वर्ष करीत आहे. टाकी भरलेली असूनही वाडीतील बाया पाणी नेत नाहीत, सबब चक्की निरुपयोगी आहे, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. बाया पाणी नेत नव्हत्या हे खरे. त्याचे कारण मी आहे.

१. मंद वाऱ्यात चक्की अडखळत असे. हवा पात्याच्या पाठीला धरून न वाहता मध्येच सुटते, अशी मला शंका होती. ते पाहण्यासाठी गेल्या डिसेंबरात मी तीन पात्यांना कडेजवळ एकेक भोक पाडून लाल लोकरीचे दोरे ओवले. हवा धरून वाहिली तर दोरा पात्याला चिकटून राहतो. सुटली तर फडफडतो. कार्यालयाची परवानगी घेतली नव्हती. शिडी पंपाचे राखणदार धर्माजी यांनी धरली. "चक्कीचं कान टोचतोस काय रं?" असे ते म्हणाले. उन्हाने विरलेले दोरे दर पंधरा दिवसांनी तेच बदलीत.

२. टाकी भरली की धर्माजी शीळ घालीत : दोन लांब, एक तुटक. ती ऐकून बाया हंडे घेऊन माळ चढत. दि. ११ मार्च रोजी धर्माजी काविळीने वारले. दोरे बदलायचे मला सुचले नाही. एप्रिलात ते गळून पडले, भोके उघडी झाली, आणि दुपारचा पश्चिमेचा वारा ताशी अठरा किलोमीटरच्या पुढे जाताच चक्कीने शीळ घातली. दोन लांब, एक तुटक.

३. याला कारण आहे. पात्याचे टोक वाऱ्याहून जोरात फिरते. भोकाच्या धारेवर हवा चिरली की ती बासरीसारखी वाजते. दोन भोके टोकाकडे आहेत. तिसरे बुडाकडे, जिथे वेग कमी, म्हणून तिसरा आवाज तुटतो. हे मी वाडीत पाटीवर आकृती काढून सांगितले. ठकूबाई म्हणाल्या, "वारा आमी बी जन्मभर ऐकतोय. ह्यो वारा नाय, धर्माजी हाय." शीळ सुरू झाल्यापासून बाया भीतीने दीड मैल खाली ओढ्यातल्या डबक्यावर जाऊ लागल्या. त्या पाण्याने चार मुले आजारी पडली.

४. दि. १४ मे रोजी मी भोके बुजवायला चढलो, तेव्हा धर्माजींच्या पत्नी चंद्राबाई शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. "दोन बुजव रं, एक ऱ्हाऊ दे. माज्यापुरतं." मी तिन्ही बुजवली. भोकांत लांबीचा लगदा भरून वर रंग दिला. दुसऱ्या दिवशी वारा ताशी चोवीस होता आणि चक्की गप्प फिरली. "निजला वाटतं धर्माजी, भरून घ्या गं," असे म्हणत ठकूबाई पहिल्या आल्या. आता सतरापैकी सोळा घरे पाणी नेऊ लागली. चंद्राबाई आल्या नाहीत.

५. पुढची नोंद दडवली असती तर अर्जाला बळ आले असते. पण नोंद ठेवणे हेच माझे काम आहे. दि. १८ मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. वारा शून्य. ब्रेक लावलेला, पाती स्थिर. सकाळच्या वाऱ्याने टाकी काठोकाठ भरलेली. मी खाली बसून वही लिहीत असताना शीळ ऐकली. वर चढून पाहिले : तिन्ही भोके बंद, रंगाला चीरसुद्धा नाही. खाली उतरलो तेव्हा चंद्राबाई हंडा घेऊन माळ चढत होत्या. मी टाकीचा नळ उघडला.

६. तरी विनंती की, चक्की उतरवू नये. विनापरवानगी भोके पाडल्याबद्दल मला कामावरून काढल्यास माझी तक्रार नाही. माझ्या जागी मात्र धर्माजींची शीळ कधीही न ऐकलेला माणूस नेमावा. त्याला ती ऐकू आली नाही, तर दोष माझ्या कानांचा समजावा. आली, तर त्याने ती शेऱ्याच्या रकान्यात लिहावी आणि टाकीचा नळ उघडावा.

आपल्या योजनेचा नोंदनीस,
पोपट सोमा ओव्हाळ, बी.एस्सी.
मु. लोधिवली, ता. खालापूर

सोबत : १) नोंदवहीची नक्कल, १ डिसेंबर ते २० मे. १८ मेचे पान मी दोनदा ताडून पाहिले आहे.
२) चक्कीखाली सापडलेले लाल दोरे, नग तीन.