पट्टा काढल्यावर

११ मार्च, रविवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकलं नसशील, असं धरून लिहिते आहे.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते, आणि दर पायरीला डॉक्टरांना नावं ठेवते. तुझे भाऊजी नव्या कारखान्यात लागले, घरी लवकर येतात. तुझा भाचा पाच वर्षांचा झाला. तू गेलास तेव्हा तो पोटातही नव्हता. अंगणातल्या मुंग्यांना त्याने नावं दिली आहेत आणि त्यांची भांडणं तो आम्हाला जेवताना सांगतो.

तुझा पत्ता आईकडून घेतला. "सहा वर्षांत तू मागितलाच नाहीस, म्हणून दिला नाही," म्हणाली. रागावून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

प्रयोगशाळेत माझं टेबल आता खिडकीशी आहे. बोलताना अडखळणाऱ्यांसाठीच्या त्या गळ्यातल्या पट्ट्याचं काम चालू आहे. आता तो इतका पातळ झालाय की कॉलरखाली कळतही नाही. तत्त्व तेच: बोलताना गळा आवळला जातोय असं पट्ट्याला जाणवलं की तिथे बारीक थरथर, आणि आपलाच आवाज कानात किंचित उशिरा ऐकू येतो. दोनशेवर माणसं तो वापरतात. एक वकीलबाई पट्टा घालून पहिल्यांदा कोर्टात उभ्या राहिल्या आणि परत येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. हे मुद्दाम सांगते, कारण काम खोटं नव्हतं. खोट दुसरीकडे होती. त्यावर येतेच आहे, जरा दम धर. बघ, तुला दम धर म्हणतेय, आणि ते मी!

तुझा भाचा गेल्या जूनपासून अडखळतो. 'क'वर. कावळा म्हणायचा झाला तर कावळा उडून जाईपर्यंत शब्द येत नाही. पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांचं असं होतं आणि पुष्कळांचं आपोआप सुटतं, हे मी दुसऱ्यांच्या आयांना रोज सांगते. स्वतःला नाही सांगू शकले. आंघोळीनंतर अंग पुसता पुसता मी त्याच्या गळ्याचं माप घेतलं. कुणाला विचारलं नाही, त्याला तर नाहीच. तीन आठवड्यांत लहानसा पट्टा तयार केला.

अकरा दिवस त्याने तो घातला. पहिल्याच दिवशी घडाघडा बोलला रे. एकही अक्षर अडलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, इतकी वर्षं याच आवाजासाठी तर घासतेय. आई मात्र उठून गॅलरीत गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "एकाचं झालं. आता दुसऱ्याचं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुंग्यांची भांडणं बंद झाली. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा, स्वच्छ, आणि गप्प. भाऊजी म्हणाले, "हा घरात पाहुण्यासारखा वागतोय." बाराव्या दिवशी पट्टा सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी माझ्याच बुटात निघाला, वर मोजा कोंबलेला. मी आवाज चढवला. "का लपवलास?"

तो बोलायला लागला. खूप वेळ लागला. त्याचे ओठ थरथरत होते आणि मला प्रत्येक शब्द त्याच्या तोंडातून ओढून काढावासा वाटत होता. कशीबशी थांबले. तो म्हणाला, "पट्टा घातला की तू माझ्याकडे बघून हसतेस. काढला की तू माझ्या तोंडाक-क-कडे बघतेस."

बारक्या, मी फरशीवर बसले.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं आता लिहायलाच हवं. सभागृह, मोठमोठी तज्ज्ञ मंडळी, मंचावर तू. चार महिने तू माझ्यासाठी पट्टा घातलास. पानभर मजकूर न अडखळता वाचलास. मग मी सांगितलं नसताना पट्टा काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "ता-ता-ताई, म-म-" आणि मी तुझ्या हातातून माइक घेतला. म्हणाले, "पाहिलंत? पट्टा काढल्यावर फरक किती स्पष्ट दिसतो!" टाळ्या वाजल्या. तू वाकून नमस्कार केलास आणि मागच्या दाराने गेलास. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की तू रागीट आहेस, तुला प्रयोगाचं महत्त्व कळलं नाही. तू काय सांगत होतास, ते विचारलंसुद्धा नाही.

एक आणखी. गेल्या महिन्यात मी तू शिकवतोस त्या शाळेत आले होते. शिपायाला पालक आहे असं सांगितलं आणि तुझ्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसले. तू फळ्यावर वर्तुळ काढून व्यास ओढलास आणि 'मध्यबिंदू' शब्दावर अडकलास. चांगलाच अडकलास. चाळीस पोरं होती. एकानेही तो शब्द तुझ्यासाठी पुरा केला नाही. कुणी हसलं नाही, कुणी जीव मुठीत धरून बसलं नाही. एक मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती, ती काढत राहिली. शब्द आला आणि धडा पुढे गेला. मी निसर्गाची चूक दुरुस्त करायला निघाले होते, आणि या पोरांनी नुसतं थांबून जे केलं ते मला साधलं नव्हतं. घंटा व्हायच्या आत मी पळ काढला. तुला तोंड दाखवायची छाती झाली नाही.

लहान पट्टा आता त्याच्या खेळण्यांच्या कपाटात आहे. मोठा झाल्यावर हवा तर घालील, नको तर नाही. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधी एकट्याला बसवून विचारते, "हे तुम्हाला हवंय की घरच्यांना?" प्रमुख वैतागलेत, कारण मागच्या आठवड्यात दोघं उठून घरी गेली. पण जी राहिली, त्यांचं काम मनापासून चाललंय.

मुंग्या परत आल्या आहेत. भांडणं आता पूर्वीपेक्षा लांब चालतात, भाजी निवते. थांबायला मी शिकतेय, पण माझे डोळे अजून घसरतात, त्याच्या ओठांवर जातात. तू शिकवशील का? पुढच्या रविवारी त्याला घेऊन यायचं मनात आहे. नको म्हणालास तर तेही ऐकेन, आणि पूर्ण ऐकेन.

तुझा शब्द तोडणारी,
ताई


१५ मार्च

ताई,

साष्टांग वगैरे. पत्रात मी अडखळत नाही, त्यामुळे इथे पटापट बोलून घेतो.

तू बाकावर बसली होतीस ते शिपायाने सांगितलं होतं. "तुमच्यासारखंच नाक असलेल्या बाई," म्हणाला. मी दोन दिवस वाट पाहिली, मग चिडलो, मग वर्गात घुसलो. सगळं विसरलो असं लिहिणार नाही. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

त्या दिवशी मला सांगायचं होतं की मला नोकरी लागली. याच शाळेत. मुलाखतीला पट्टा घरी ठेवून गेलो होतो, पाऊण तास अडखळलो आणि तरी घेतलं त्यांनी. सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं. पट्ट्यानेच मला पहिल्यांदा बोलायचा धीर दिला होता, हेही सांगायचं होतं. ते अजून खरं आहे.

रविवारी ये. आईलाही आण, माझं घर तळमजल्यावर आहे. शिकवण्यासारखं फार नाही. ओठांकडे बघावंसं वाटलं की डोळ्यांकडे बघ, एवढंच. पोरांना मी तेवढंच सांगितलं होतं.

भाच्याला एक सांगून ठेव. त्याचा 'क' आहे तसा माझा 'म' आहे. 'मामा' म्हणजे दोन 'म', दोन घाट एकदम, मला स्वतःलाच म्हणता येत नाही. त्याला येत असेल तर त्याने दारातूनच मोठ्याने हाक मारावी. मी आतून धावत येईन.

तुझाच, अजून अडखळणारा,
बारक्या