वन-टू-वनला आलेले पाहुणे

५ नोव्हेंबर, बुधवार
भल्या पहाटे टाय लावणारी माणसं नाशकात एवढी आहेत हे आजच कळलं! गंगापूर रोडच्या हॉटेलात नेटवर्किंग ग्रुपची मीटिंग — पावणेसातला! प्रत्येकानं उभं राहून साठ सेकंद बोलायचं. मी म्हणाले, ‘मी पल्लवी, नागलीची बिस्किटं करते,’ आणि पुढची पन्नास सेकंदं डब्याचं झाकण उघडत-लावत राहिले. टेबलावर डबा फिरवला. परत आला तेव्हा तीनच कमी, त्यातलं एक मीच खाल्लेलं. बाकीचे कार्डं गोळा करण्यात दंग.

अध्यक्ष मयूरसर म्हणाले, ‘एका धंद्याची एकच जागा असते, मॅडम. अठरापर्यंत फॉर्म द्या.’

६ नोव्हेंबर
हरसूलची कुसाबाई तीन वर्षं माझी भट्टी सांभाळतेय. आज मळता मळता म्हणाली, ‘ताई, काम नाय तर मोकळं सांग. घरची सगळी निफाडला द्राक्षबागेत चाललीत. मी बी जाते.’

कायमचं गिऱ्हाईक एकही नाही, भट्टी आठवड्यातून दोनदाच पेटते. म्हटलं, वीस तारखेपर्यंत दम धर. ती गेली की धंदा बंद. बिस्किट तिलाच जमतं, मला फक्त विकता येतं. तेही कुठे येतंय!

९ नोव्हेंबर, रविवार
फॉर्म भरण्याआधी आणखी एकदोन ग्रुप बघून घेतेय. आज महिला उद्योजिकांचा. गोड बायका! सगळ्यांनी एकमेकींकडून साड्या, मेणबत्त्या, लोणची घेतली. जाताना मी एक डबा नेला, येताना दोन पिशव्या आणल्या. ऑर्डरचा पत्ता नाही.

१० नोव्हेंबर
आमच्या समाजाचा ग्रुप. पहिला प्रश्न — गाव कोणतं? दुसरा — वडील काय करायचे? तिसऱ्याला मी पार्किंगमध्ये होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पावणेसातवाल्या ग्रुपातले ललित देवरे अंबडच्या तीन कारखान्यांची कॅन्टीन चालवतात. त्यांचा मेसेज — ‘फॉर्म देण्याआधी वन-टू-वन करू. शनिवारी अकराला येतो. प्रोफाइल पाठवतोय.’ (वन-टू-वन म्हणजे ग्रुपातल्या दोघांनी बसून एकमेकांचा धंदा समजून घ्यायचा.)

आणि फोन नेमका आईच्या हातात! चष्मा लावून वाचत बसली. ‘मुलगा स्वतःच प्रोफाइल पाठवतो? बरं आहे. उंची नाही लिहिली.’ मी घसा फोडून सांगितलं — धंद्याची भेट आहे, धंद्याची! ‘हो हो,’ म्हणाली आणि पडदे धुवायला काढले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लाज, लाज, लाज!

आईनं ललितरावांना सोफ्यावर बसवलं. पुढ्यात नागलीच्या बिस्किटांची भरलेली बशी. ‘पल्लवीनंच केलीत हो!’ (आत कुसाबाई तोंडाला पदर लावून हसतेय.) मग सुरू — मामेकूळ कोणतं? पत्रिका आहे का? सुपारी वगैरे खाता? बिचाऱ्याला उत्तर सुचेना की तो एक बिस्किट उचलायचा. अकरा खाल्ली. शेवटी घाम पुसत म्हणाला, ‘काकू, माझं लग्न झालंय.’

‘अगंबाई! मग बायकोसाठी न्या,’ म्हणत आईनं डबाच हातात दिला. कॅन्टीनचा विषय मी काढलासुद्धा नाही. गेला ग्रुप, गेली कुसाबाई! आईशी बोलणं बंद.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ललितरावांचा फोन!! तिन्ही कॅन्टीनना चहाबरोबर नागलीची बिस्किटं. रोज! पुढच्या सोमवारपासून! म्हणाले, ‘मीटिंगमध्ये तुमचा डबा दोनदा समोरून गेला, पण खातंय कोण? परवा खाल्ली तेव्हा कळलं.’

कुसाबाईला सांगितलं. ‘मग नाय जात,’ एवढंच म्हणाली आणि पिठात पाणी घातलं. मला रडूच आलं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
पावणेसातचाच ग्रुप ठरला. फॉर्म भरत होते. आई शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, ‘त्याच्या बायकोचं नाव स्नेहल. प्रोफाइलमध्येच होतं. गुरुवारीच वाचलं मी.’

‘मग ते सगळं—?’

‘अगं, बघायला आलेला माणूस पुढ्यातली बशी तशीच ठेवून उठतो का कुठे?’