ढोल वाजण्याआधी

रत्नागिरी
मार्च १९८६

प्रिय गंगा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, पण आळसाने नाही. दोनदा लिहून फाडलं. हे पोस्टाने पाठवत नाही, कारण तुझ्या काकूच्या हातात पडायला नको. शेजारच्या सोनूबाई उद्या माहेरी, तुमच्या नाटे गावाला येताहेत, त्यांच्या पिशवीत घालते. शिमग्याआधी तुला मिळायलाच हवं. एकटी असताना वाच.

आमच्या घरी आता कुकर लावत नाहीत. शिट्टीने मी दचकेन म्हणून आई भात टोपात शिजवते. गजराचं घड्याळ ट्रंकेत गुंडाळून ठेवलंय. न्हाणीघराची कडी काढून टाकली. मी आत असले की आई बाहेर उभी राहते आणि मधूनमधून विचारते, "मथू, आहेस ना गो?" मी आतून "आहे" म्हणते. पोहणं बंद, धावणं बंद, कॉलेजही बंद. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. घरातली सगळी इतकी हळू बोलतात की मला माझेच ठोके ऐकू येतात. मग मी ते तपासत बसते, हा नीट पडला ना, पुढचा पडेल ना. कधीकधी वाटतं, एखादं भांडं एकदा धाडकन पडू दे. लगेच त्या विचाराचीच भीती वाटते.

गेल्या शिमग्याचं तुला अर्धंच सांगितलं होतं. पालखी अंगणात आली, मी आरतीचं ताट घेऊन पुढे उभी होते, आणि ढोल एकदम कानाशी कडाडले. नंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तर कपाळभर कुंकू, ओटीत नारळ आणि पाय ओले. बायका पाया पडत होत्या. देवी अंगात आली म्हणे! यमुनाबाई हात जोडून विचारत होत्या, "आई, माझा धाकू कधी येल गो बोटीवरनं?" मी कशीबशी म्हटलं, पाणी द्या. त्यातही त्यांना अर्थ सापडला, की धाकू पाण्यावर आहे, सुखरूप आहे. आणि चैत्रात धाकू खरंच आला, टेपरेकॉर्डर घेऊन! त्यानंतर माझी सुटका नव्हती. यंदाही मला पालखीपुढे उभी करायची असं मानकऱ्यांनी तेव्हाच ठरवलं. आईलाही त्याचा अभिमानच होता. मला मात्र अपराधी वाटायचं. माझ्या तोंडून कोणी बोललं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर बाबा बोटीवरून सुट्टीवर आले. एका पहाटे गजर झाला आणि मी अंथरुणातच पुन्हा तशीच बेशुद्ध झाले. आई कुंकू आणायला धावली. बाबा ओरडले, "देवी काय आता गजर लावून येते?" त्यांनी मला आणि आईला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ते म्हणाले, हृदय मजबूत आहे, पण ठोक्यांची लय जन्मापासून नाजूक आहे. अचानक मोठा आवाज झाला की ती बिघडते आणि मेंदूला रक्त पोचत नाही. बहुतेक वेळा लय आपली आपण सावरते. एखाद्या वेळी सावरत नाही. हे रक्तातून येतं म्हणून त्यांनी आईबाबांचाही आलेख काढला. बाबांचा चांगला निघाला. आईच्या आलेखात माझ्यासारखीच खूण होती. ती जन्मात कधी पडलेली नाही, तरी होती. परतीच्या एस.टी.त ती माझ्या मांडीवर पदर पसरून बसली.

घरी आल्यावर तिने मला देवापुढे उभं करून शपथ घातली की हे कुणालाही सांगायचं नाही, तुला तर मुळीच नाही. वैशाखात तुझं लग्न आहे. "आईविना पोर आहे गो ती. माझ्या माहेरच्या रक्तात खोट आहे असं कळलं तर कोण करील तिला?" आई दुष्ट नाही, गंगा. तिला वाटतं, जे तिच्याकडून मला आलं ते तिने बोलून आणखी कुणाच्या संसारात टाकू नये. मी शपथ घेतली. पण ती मला पाळवत नाही.

कारण सगुणामावशी, तुझी आई. दिवाळीच्या पहाटे अंगणात फटाक्यांची माळ लागली आणि ती उंबऱ्यावरच कोसळली, उठली नाही. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं सगळे म्हणाले. आपण दोघी परकरातल्या होतो. मुंबईत डॉक्टर बोलत असताना मला तो उंबरा दिसत होता.

आणि तू मागच्या पत्रात मजेत लिहिलंस, "मथे, तूच एकटी देवी नाहीस हो! परवा नारळ फुटायला आणि मी आडवी व्हायला एकच गाठ. काकू म्हणते, यंदा पालखीपुढे हिलाच उभी करायची." गंगा, उभी राहू नकोस. सोनूबाई शिमग्याआधी परत येतील, त्यांच्याबरोबर निघून ये. रुखवताच्या भरतकामाला मथू हवी म्हणून सांग. आमच्याकडे ढोल वाडीच्या तोंडाशीच थांबवणार आहेत, बाबांनी त्यासाठी मानकऱ्यांचे पाय धरले. इथे तुझाही कार्डिओग्राम काढू. काकूने सोडलंच नाही, तर पालखीच्या दिवशी पाळी आली, बाहेरची झाले म्हणून सांग आणि लांब मळ्यातल्या खोपीत जाऊन बस. मी तुला देवीच्या नावाने खोटं बोलायला सांगते आहे. त्याबद्दल तिच्यापुढे नाक मी घासेन. शपथ मोडल्याचं आज आईलाही सांगणार आहे. यातून तुझं लग्न मोडलं तर माझ्यावर रागव. अगदी म्हातारी होईपर्यंत रागव.

तुझीच,
मथू