टिप्याला माकणीला का पाठवलं

लोहारा,
येळवशीच्या अमावास्येनंतरचा तिसरा दिवस

ती. सौ. अक्कांना गौरीशंकरचा शरणार्थ. इकडं सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याचं कळवा. भावजींचा खोकला आणि स्वभाव दोन्ही जरा निवळले असतील. (स्वभावाची घाई नाही.)

तीन महिन्यांपूर्वी टिप्याला हवापालटासाठी तुमच्याकडं सोडलं म्हणालो, ते खोटं होतं. कुत्र्याला कसली हवापालट! आपल्या वरच्या खोलीत बँकेतल्या नव्या बाई राहायला आल्या. नाव आलेम्ला, गाव नागालँडमधलं. ते कळताच आपल्या दुकानात जमणाऱ्या चार शहाण्यांनी (पाचवा मी) ठरवलं, की तिकडचे लोक कुत्री खातात. दुसऱ्या दिवशी टिप्या टमटममध्ये. तेव्हापासून मी त्यांच्याशी मोठ्यानं, हातवारे करत हिंदी बोलायचो. त्यांची हिंदी माझ्याहून चांगली, पण ती ऐकायला मी कधी थांबलोच नाही. जिन्यात रोज वास घ्यायचो. एकदा भलताच वास आला म्हणून वर धावलो, तर करपलेलं वांगं, आणि शेजारी शिकवायला बसलेली आमची रुद्रम्मा. (नवऱ्याला सांगायची तसदी तिनं घेतली नव्हती.)

येळवशीला आपण वाटसरूलासुद्धा हाताला धरून शेतात जेवायला नेतो, आणि घरातल्याच माणसाला बोलवायचं मी टाळलं. रुद्रम्मानं त्यांना गाडीत माझ्याशेजारी आणून बसवलं. शेतात त्यांनी पालेभाज्यांची भज्जी तीनदा घेतली, आंबील तर भावजींसारखी प्याल्या. मग सहज विचारलं, "अंगणात साखळी आहे, कुत्रा कुठंय?" रुद्रम्मा म्हणाली, "सांगा की आता. लई शहाणे न्हाय व्हय तुमी?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं काहीजण खातात. आमच्या घरची दोन कुत्री मात्र आईच्या पलंगावर झोपतात. तुमच्या गावात काहीजण बोकड खातात, तुम्ही खाता?" मला फार लाज वाटली. नाही म्हणालो, तेही पहिल्यांदाच हळू आवाजात.

रविवारी टिप्याला न्यायला मी आणि आलेम्लाबाई दोघंही येतोय. त्यांना चहात साखर कमी लागते.

तुमचा धाकटा,
गौरीशंकर

ता.क. शेतात मी सगळं खरं सांगितलं नाही. "कुत्री खाण्याची गोष्ट अक्कांनी काढली, माकणीकडची माणसं जरा तशीच," असं आलेम्लाबाईंना म्हणालो. त्यांनी विचारलं, "माकणीची किती माणसं ओळखता?" दोन म्हणालो. तर रविवारी "व्हय, मीच म्हणाले" एवढं म्हणाल का?

ता.क. दुसरा : वरचं म्हणू नका. दारातच मी खरं सांगेन. मी टिप्याचे लाड करत बसलो, तर तुम्ही सांगून टाका, माझ्यादेखत.