मिठासाठी एक, चेहऱ्यासाठी एक

हाटकेश, मीरा रोड
९ एप्रिल १९९५

चि. पंचशीला हिला दादाचा सप्रेम जय भीम.

धम्मपाल दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना आमचा जय भीम सांग. इकडे जयंतीची धावपळ चालू आहे. मंडप, लाउडस्पीकर, रोज नवी मीटिंग, आणि फुकटात फोटो काढायला मी आहेच. पाण्याचा टँकर अजूनही त्याच्या मनाला येईल तेव्हा येतो. आई बरी आहे. तीन दुपटी शिवून झाली, चौथं हातात आहे. सातवा लागला की पोर माहेरी येते, एवढंच तिला माहीत. बाळंतपण नांदेडलाच करणार, त्या घराची पायरी चढणार नाही, असं तू कळवलंस ते मी तिला वाचून दाखवलं नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, असं ठोकून दिलं. खोटं बोलायला मी आता चांगलाच सरावलोय.

बाबांना जाऊन वर्ष होईल, त्या पुण्यानुमोदनाला लावायला तू त्यांचा फोटो मागितलास. तीन पत्रांत मागितलास. मी कधी लिहिलं एन्लार्जर बिघडलाय, कधी लिहिलं कागद संपलाय. शेवटी तू चिडून लिहिलंस, भाऊ फोटोग्राफर आणि बापाचा एक फोटो मिळत नाही. तुझं काही चुकलं नाही.

बाबांचा धड फोटो आपल्याकडे कधी नव्हताच. ते कामाला असायचे त्या मिठागरावर काढला की मीठ छान यायचं आणि बाबांच्या चेहऱ्याचा नुसता काळा गोळा. तू त्यावरून किती हसायचीस. चेहरा दिसावा म्हणून जास्त उजेड घेतला, तर मीठ, आभाळ सगळं धुऊन जायचं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं, फिल्मला तेवढं पेलवत नाही. मग आमच्या स्टुडिओचे मालक, उत्तनचे रेमंड सर, त्यांनी मला एक युक्ती शिकवली. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे. पहिला कमी उजेडाचा, मिठासाठी. दुसरा मधला. तिसरा जास्त उजेडाचा, चेहऱ्यासाठी. नंतर डार्करूममध्ये एकाच कागदावर तिन्ही निगेटिव्ह एकामागून एक छापायच्या, पुठ्ठ्याने झाकत झाकत, जिच्यातलं जे चांगलं तेवढंच घ्यायचं. अट एकच, तिन्ही वेळा माणूस जराही हलता कामा नये.

मघापासून मी तुला फोटोग्राफी शिकवतोय. तुला त्याचं काय! पण मूळ गोष्टीवर यायला हात धजत नाही.

पंचू, बाबा काम करताना पडले नाहीत.

अंगात कसकस होती तरी आईने त्यांना कामावर हाकललं, असं तू मयतीला सगळ्या नातेवाइकांसमोर तिला म्हणालीस. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही. बाबा गेले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत महिपतकाका आणि बाकीचे सगळे कामगार शेडमध्ये आडवे झाले होते, आणि मी बाबांना बाहेर उन्हात बोलावलं होतं. ठाण्याच्या एका स्पर्धेसाठी मला तो फोटो हवा होता. तोही भर दुपारचाच, कारण मीठ तेव्हा सगळ्यात जास्त चमकतं. मे महिना, डोक्यावर ऊन, खाली मिठाची झळ.

पहिला झाला, दुसरा झाला आणि ढग आला. उजेड बदलला तर तिसरा फोटो आधीच्या दोन्हींशी जुळत नाही, म्हणून मी ढग सरायची वाट बघत राहिलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. बाबांनी विचारलं, "उदय, झालं का रे?"

मी म्हणालो, "हलू नका बाबा, सगळं वाया जाईल."

ते जागचे हलले नाहीत. ढग गेला, मी बटण दाबलं. पाठ फिरवून स्टँड आवरायला लागलो. मागे वळलो तर बाबा मिठावर पडलेले.

महिन्याने रोल धुतला. निगेटिव्ह एकमेकींशी जुळेनात. पहिल्या फोटोत बाबा ताठ उभे आहेत. दुसऱ्यात डावा खांदा उतरलाय. तिसऱ्यात हात छातीवर आहे. तो हात मी त्याच वेळी कॅमेऱ्यातून पाहिला होता. आणि मला काय वाटलं सांगू? मला राग आला. हात हलवला म्हणून राग आला. वर्षभर त्याच रागाची लाज मला जाळतेय.

सोबत तो तिसरा फोटो आहे. गळ्यापासून वरचा तेवढाच छापलाय. मागे काही दिसत नाही, पण चेहरा अगदी स्वच्छ आलाय.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. तू येणार नाहीस, तेही सांगून टाकलं. वाटलं, ती मला घराबाहेर काढेल. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "मला माहीत हाय."

त्या सकाळी तिने बाबांना अडवलं होतं. अंग गरम आहे, आज जाऊ नका, म्हणाली होती. तर बाबा म्हणाले, पोराने फोटोला बोलावलंय, त्याची स्पर्धा आहे. इस्त्रीचा शर्ट तिनेच पिशवीत घालून दिला. हे सगळं ठाऊक असून तू बोललीस तेव्हा ती गप्प बसली, आणि पुढे वर्षभर गप्प राहिली. मी विचारलं, का गं नाही सांगितलंस?

"तिचा बाप गेलता. तुझं नाव घेतलं असतं, तर भाऊ बी गेला असता. आईवर किती दिस रुसंल, म्हणलं. बाळंतपणाला तरी येईल."

मला माफ कर, असं मी लिहीत नाही. ते तुझ्याकडून होणार नाही आणि होऊही नये. जयंती झाली की मी रेमंड सरांकडे उत्तनला राहायला जातोय. त्यांना विचारून ठेवलंय. तू इथे आहेस तोवर मी तुझ्यासमोर येणार नाही. स्टेशनवर न्यायला महिपतकाका येतील.

पंधरा तारखेपासून आई घरात एकटी असेल. तिच्याकडे ये, पंचू.

उदय